नवं कोरं, पण मीटर शून्यावर नाही!

सदर : यंत्रांच्या दुनियेत



सायकलच्या दुकानात नवी सायकल घ्यायला गेलात की दुकानदारकाका काय करतात, आठवतंय? चाकांत हवा भरतात, ब्रेक आवळतात, साखळीला तेल सोडतात. मग स्वतः टांग मारून रस्त्यावर एक चक्कर मारून येतात. परत येऊन पुन्हा पाना काढतात, सीटचा एखादा नट पिळतात आणि म्हणतात, "हं, घे आता!" त्या एका चकरेमुळे सायकल जुनी झाली, असं आपण म्हणतो का? उलट, त्या चकरेनंतरच ती खऱ्या अर्थाने तयार झालेली असते.

हे आठवायचं कारण म्हणजे कोथरूडहून आलेलं एक पत्र. सातवीतल्या आपल्या एका मैत्रिणीने विचारलंय, "कारखान्यात बनलेलं नवं हेलिकॉप्टर ग्राहकाला देण्याआधी किती तास उडवून बघतात? बाबा म्हणतात, एक फेरी पुरे. दादा म्हणतो, शंभर तास तरी उडवत असतील. कोण बरोबर?"

प्रश्न झकास आहे. गंमत म्हणजे बाबाही चूक आणि दादाही चूक. तरी दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. कसं ते पाहू या.

वय वर्षांत नाही, तासांत

तुमचं वय वर्षांत मोजतात. मोटारीचं वय सांगताना आपण ती किती किलोमीटर चालली ते सांगतो. हेलिकॉप्टरचं वय मात्र मुख्यतः तासांत मोजतात. किती तास उडालं याची नोंदवही असते आणि प्रत्येक उड्डाणाची मिनिटं तिच्यात लिहावी लागतात. पंख्याचं पातं, गिअरबॉक्स, इंजिन अशा महत्त्वाच्या भागांची तपासणी किंवा बदली त्या तासांवरूनच ठरते. काही भाग तर ठरलेले तास भरले की चांगले दिसत असले तरी काढून टाकतात. म्हणूनच नवं हेलिकॉप्टर हातात आलं की घेणाऱ्याची नजर आधी त्या नोंदवहीकडे जाते. तिथे शून्य नसतं. आणि ते नसावंच!

भाजणी आणि चकली

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. चाचण्या दोन प्रकारच्या असतात. त्यांची गल्लत झाली म्हणूनच बाबा आणि दादा यांचं भांडण लागलं.

दिवाळीत आई-आजी चकल्या करतात. चकलीची भाजणी कशी करायची, कोणती डाळ किती, तांदूळ किती, हे एकदा ठरवावं लागतं. त्यात खूप प्रयोग होतात. कधी चकली कडक होते, तर कधी तेलात सोडल्यावर हसते. प्रमाण एकदा जमलं की दरवर्षी नव्याने प्रयोग करावे लागत नाहीत. तरीसुद्धा आजी पहिल्या घाण्यातली एक चकली मोडून बघतेच.

हेलिकॉप्टरचंही तसंच. 'भाजणी' म्हणजे त्याचा आराखडा. तो बरोबर आहे का, हे ठरवायला काही मोजके नमुने बनवतात आणि ते शेकडो तास, कधी त्याहूनही जास्त, उडवून बघतात. दादाच्या मनात ही चाचणी होती. आराखडा पास झाला की त्याच्यासारखी हेलिकॉप्टरं एकामागून एक बनू लागतात. मग प्रत्येक नव्या हेलिकॉप्टरची छोटी चाचणी होते. बाबांच्या मनात ही होती. फरक एवढाच, की आजी घाण्यातली एकच चकली बघते, इथे मात्र एकूण एक चकली तपासतात!

आपल्या देशातलं उदाहरण घ्या. 'ध्रुव' हे हेलिकॉप्टर हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीने बनवलं. त्याच्या पहिल्या नमुन्याने २० ऑगस्ट १९९२ रोजी बंगळुरूला पहिली भरारी घेतली. आणि सैन्यदलांना, तटरक्षक दलाला ती हेलिकॉप्टरं मिळू लागली २००२ मध्ये. मध्ये किती वर्षं गेली? दहा! म्हणजे पहिल्या उड्डाणाच्या दिवशी जन्मलेलं बाळ तोवर चौथी-पाचवीत गेलं. या काळात एकाचे चार नमुने झाले. त्यातला एक खास नौदलासाठी होता.

त्यानंतरचं हलकं हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडालं ६ सप्टेंबर २०१६ रोजी. ते २०१९ च्या उन्हाळ्यात लेहला आणि त्याहून उंच दौलत बेग ओल्डी इथे नेलं. हिमालयात आणि तेही उन्हाळ्यात का? उंचावर हवा विरळ असते. उष्णतेने ती आणखी विरळ होते. पंख्याच्या पात्यांना तर दाबायला हवाच लागते! विरळ हवेत ती कमी मिळते, इंजिनही दमतं. अशा दुहेरी संकटात हेलिकॉप्टर टिकलं तर पुण्यासारख्या ठिकाणी त्याला काही कठीण नाही.

अमेरिकेत यासाठी एक नियम आहे. नव्या आराखड्याच्या यंत्रात आधी कधी न वापरलेल्या जातीचं टर्बाइन इंजिन असेल, तर ते भरवशाचं आहे हे दाखवायला किमान ३०० तास चालवून दाखवावं लागतं. इतरांना किमान १५० तास. पाहिलंत? दादाचे शंभर तास इथे कमीच पडले!

रंगीत खडू आणि कापडी पट्टी

आता कारखान्यात तयार झालेल्या एका नव्या हेलिकॉप्टरबरोबर आपण फिरू. त्याची चाचणी आकाशात नाही, जमिनीवरच सुरू होते.

आधी त्याचं वजन करतात आणि तोल कुठे आहे ते पाहतात. मग इंजिन सुरू करून डोक्यावरचा मोठा पंखा फिरवतात. त्याला रोटर म्हणतात. घरातल्या छताच्या पंख्याचं एक पातं जरा वाकलं तर तो कसा डुगडुगतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. आता ध्रुवचा रोटर डोळ्यांपुढे आणा. त्याचा व्यास १३.२ मीटर, आणि तो सेकंदाला पाचच्या आसपास फेऱ्या मारतो. वही काढा आणि गणित करा. पात्याचं टोक एका फेरीत किती अंतर कापतं? साधारण ४१ मीटर. पाच फेऱ्यांत दोनशे मीटरच्या वर. म्हणजे ताशी ७०० किलोमीटरपेक्षा जास्त वेग! या वेगाला एका पात्याचा तोल किंचित जरी बिघडलेला असेल, तरी सगळं हेलिकॉप्टर थरथरायला लागतं. आत बसलेल्याला घड्याळ वाचता येत नाही, आणि मुख्य म्हणजे सगळे सांधे खिळखिळे होतात.

म्हणून सगळी पाती एकाच पातळीतून फिरताहेत ना, हे बघावं लागतं. पूर्वी त्यासाठी मोठी मजेची युक्ती होती. प्रत्येक पात्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा खडू फासायचा. मग उंच काठीला ताणून बांधलेली कापडी पट्टी हळूच फिरत्या टोकांजवळ न्यायची. टोकं पट्टीला चाटून जायची आणि रंगांच्या खुणा उमटायच्या. लाल, निळा, पिवळा असे सगळे रंग एकाच उंचीवर आले तर शाबास! लाल खूण वर उमटली तर लाल पातं वरून जातंय. मग पंखा थांबवायचा, त्या पात्याचा कोन ठरवणाऱ्या दांडीची लांबी जराशी बदलायची आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता हे काम विजेच्या उपकरणांनी होतं, पण तत्त्व तेच. थरथर मोजा, एक बदल करा, पुन्हा मोजा.

फक्त एक मीटर वर

जमिनीवर सगळं ठाकठीक झालं की पहिली उडी. किती उंच? उगीच मोठी झेप नाही. जमिनीपासून जेमतेम मीटर-दोन मीटर वर उचलायचं आणि तिथेच तरंगत ठेवायचं. वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो, तो वर ओढला की हेलिकॉप्टर वर जातं. उजव्या हातातल्या दांड्याने पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे जाता येतं. पायाशी दोन पेडलं असतात, त्यांनी शेपटीचा छोटा पंखा सांभाळून तोंड हव्या त्या दिशेला वळवता येतं. हे तिन्ही नीट ऐकतात का, एवढंच पहिल्या वेळी बघायचं. मग खाली यायचं, इंजिन बंद करायचं आणि तंत्रज्ञांनी पुन्हा सगळं उघडून पाहायचं.

हळूहळू वेग आणि उंची वाढवत नेतात. प्रत्येक पायरीवर थरथर, तापमान, तेलाचा दाब लिहून घेतात. दोन इंजिनं असतील तर एकाची शक्ती कमी करून दुसरं एकटं भार घेतं का, ते बघतात. रेडिओ, होकायंत्र, दिवे, दरवाजे, पट्टे, सगळं सगळं तपासलं जातं.

यातली सर्वांत धाडसी चाचणी ऐका. पुरेशा उंचीवर जाऊन वैमानिक इंजिनाची शक्ती काढून घेतो. आता हेलिकॉप्टर दगडासारखं पडेल असं वाटतं ना? पण नाही पडत! महोगनीचं पंखवालं बी झाडावरून पडताना कसं भिरभिरत खाली येतं, तसंच हे. खालून येणाऱ्या वाऱ्याने रोटर आपोआप फिरत राहतो आणि हेलिकॉप्टर ताब्यात राहून उतरत जातं. त्या वेळी रोटरचा वेग ठरलेल्या मर्यादेत राहतो का, हे मोजतात. उद्या खरोखरच इंजिन बंद पडलं तर आतल्या माणसांचा जीव याच एका गोष्टीवर असणार! आकडा मर्यादेबाहेर गेला, तर खाली येऊन दांड्यांची लांबी पुन्हा बदलायची आणि पुन्हा वर जायचं.

चुंबकाला चिकटलेला कीस

उड्डाण संपलं की एका छोट्याशा वस्तूकडे सगळ्यांचं लक्ष जातं. गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबक बसवलेलं असतं. ते बाहेर काढून बघतात. त्याला लोखंडाचा अगदी बारीक, पिठासारखा कीस चिकटलेला असेल तर सहसा घाबरायचं कारण नसतं. नवे दाते एकमेकांवर घासून गुळगुळीत होत असतात. मात्र एखादा टोकदार कपचा सापडला तर उड्डाण बंद! आत कुठला तरी दाता किंवा बेअरिंग तुटायला लागलं आहे, हा त्याचा अर्थ.

तुमच्या आई-बाबांना विचारा, पूर्वी नवी स्कूटर घेतली की पहिले काही शे किलोमीटर ती हळू चालवायची असं सांगत असत. नव्या यंत्राचे भाग एकमेकांशी जुळायला थोडा वेळ लागतो. नट-बोल्टही पहिल्या काही तासांत थोडे बसतात, म्हणून ते पुन्हा पिळून बघावे लागतात. हेलिकॉप्टरचा हा पहिला काळ ग्राहकाच्या नाही, कारखान्याच्या नजरेखाली गेलेला बरा. मीटरवरच्या त्या तासांचं मोल आहे ते इथे.

शेवटी ज्याने हेलिकॉप्टर विकत घेतलं, त्याचा स्वतःचा वैमानिक येतो, उडवून बघतो, आपली यादी तपासतो. त्याचं समाधान झालं की सह्या, आणि मगच ताबा.

मग किती तास?

आता खरं उत्तर. प्रत्येक नव्या हेलिकॉप्टरला अमुकच तास उडवा, असा आकडा अमेरिकेच्या नियमात नाही! नियम म्हणतो, प्रत्येक यंत्र उडवून बघा, आणि काय काय बघायचं त्याची मंजूर केलेली यादी पूर्ण करा. तास हे त्या यादीमागून येतात. छोटं, साधं, एका इंजिनाचं हेलिकॉप्टर असेल तर बहुधा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या तासांत काम होतं. दोन इंजिनांचं, नाना उपकरणांनी भरलेलं असेल तर जास्त वेळ लागतो. एखादी थरथर काही केल्या जाईना, तर आणखी उड्डाणं होतात. म्हणजे मीटरवर जास्त तास दिसले म्हणून नाक मुरडायचं नाही आणि कमी दिसले म्हणून खूश व्हायचं नाही. विचारायचं ते एकच, "यादी पुरी झाली का?"

एक कोडं घालतो. अमेरिकेत काही हौशी लोक घरच्या घरी हेलिकॉप्टर बनवतात. त्यांना पहिले साधारण ४० तास ठरवून दिलेल्या भागातच, प्रवासी न घेता उडवावं लागतं. कारखान्यातल्या हेलिकॉप्टरला थोडे तास आणि घरी बनवलेल्याला चाळीस! असं का? कारण कारखान्यातल्या हेलिकॉप्टरच्या मागे त्याच्या थोरल्या भावंडांचे शेकडो तास उभे असतात. घरी बनवलेलं एकुलतं एक. त्याला स्वतःचा भरवसा स्वतःच कमवावा लागतो.

हे काम कोण करतं?

या कामासाठी खास शिकलेले चाचणी वैमानिक असतात. त्यांच्यातलं एक नाव तुम्हाला नक्की ठाऊक आहे. राकेश शर्मा! आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या एन.डी.ए.त शिकलेले राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात जाऊन आले. पण त्यांची रोजची विद्या चाचणी वैमानिकाची. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर १९८७ पासून १९९२ पर्यंत ते नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात मुख्य चाचणी वैमानिक होते. ज्या माणसाने अवकाशातून पृथ्वी पाहिली, तो ओझरच्या धावपट्टीवर हातात यादी घेऊन एकेक विमान तपासत होता! त्याच ओझरला बनलेल्या 'तेजस मार्क-१ए' विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी पहिली भरारी घेतली.

तरीही डोळे उघडे ठेवावे लागतात

इतकं सगळं करूनही अपघात होतात का? होतात. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

८ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळ नौदलाच्या एका ध्रुवची शक्ती उडता उडता अचानक कमी झाली. वैमानिकांनी प्रसंगावधान राखून ते समुद्रावर उतरवलं आणि तिघेही वाचले. त्यानंतर दांड्यांची, म्हणजे कंट्रोल रॉडची, कसून तपासणी सुरू झाली. ५ जानेवारी २०२५ रोजी मात्र गुजरातमध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि त्यातल्या तिघांनी प्राण गमावले. वैमानिकाच्या हातातली हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी एक चकती असते, स्वॉशप्लेट. ती भंगल्याचं तपासात आढळलं. देशातली सगळी ध्रुव हेलिकॉप्टरं जमिनीवर थांबवण्यात आली आणि तपासण्या झाल्यावर टप्प्याटप्प्याने पुन्हा उडू लागली.

यातून एक गोष्ट कळते. पहिल्या काही तासांची चाचणी जोडणीतली चूक पकडते. सैल राहिलेला नट, वाकडं पातं, उलटी जोडलेली तार. पण धातू थकतो तो शेकडो तासांनी. तार पुन्हा पुन्हा वाकवली की अचानक तुटते ना, तसा. तो थकवा पहिल्या दिवशी दिसत नाही. म्हणून ताबा दिला की चाचणी संपत नाही, ती हेलिकॉप्टरच्या जन्मभर चालते. आणि शंका आली की सगळी हेलिकॉप्टरं थांबवणं, पुराच्या किंवा वादळाच्या दिवसांत त्यांची कितीही गरज असली तरी थांबवणं, हा कमीपणा नव्हे. ज्यांना त्यांत बसायचं आहे त्यांच्या जिवाची ती किंमत आहे.

पालकांनाही एक सुचवावंसं वाटतं. नव्या मोटारीचा ताबा घेताना मीटरवर थोडे किलोमीटर दिसले तर लगेच रागावू नका. त्याऐवजी तपासणीची यादी मागून घ्या आणि ती मुलांबरोबर वाचा.

करून पाहा

कागदाची एक लांब पट्टी घ्या. वरचा अर्धा भाग मधोमध कापून दोन पाती करा. एक पुढे, एक मागे दुमडा. खालच्या टोकाला कागदाची टाचणी लावा. झालं तुमचं हेलिकॉप्टर! आता एकाच उंचीवरून ते दहा वेळा सोडा. दर वेळी किती सेकंदांत खाली आलं, सरळ आलं की भरकटलं, हे तक्त्यात लिहा. मग एकच बदल करा. दोन टाचण्या लावा, किंवा एक पातं थोडं आखूड करा. पुन्हा दहा वेळा सोडा. एका वेळी दोन बदल करायचे नाहीत हं! नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

तुमचा तक्ता आमच्याकडे पाठवा. आणि कोथरूडच्या मैत्रिणी, बाबांना आणि दादाला दोघांनाही सांग, अर्धे-अर्धे गुण!